चिनी की जपानी? आधी वस्तू उपडी करून बघा

ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडीतली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की माळे रिकामे होतात, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एखादी चिनी मातीची निळी-पांढरी प्लेट किंवा झाकणाची बरणी खाली उतरते. आजोबा रंगूनला होते किंवा पणजोबा गोदीत कारकून होते, एवढाच काय तो इतिहास घरात ठाऊक असतो. तळाशी चिनी अक्षरं दिसली की भाचा मोबाइलवर शोधाशोध करतो, तशीच दिसणारी बरणी कुठल्याशा लिलावात कोटींना गेल्याचं त्याला सापडतं, आणि मग बरणीपेक्षा वाटणीचीच चर्चा जास्त रंगते.

किमतीचं नंतर बघू. आधी वस्तू चिनी की जपानी, ते ठरवायचं. दोन्हींत गल्लत होणारच, कारण ती मुद्दाम केलेली आहे. १६४४ मध्ये चीनमधलं मिंग घराणं कोसळलं आणि पुढच्या धामधुमीत जिंगडेझेन या चिनी मातीच्या भांड्यांच्या मुख्य गावातल्या भट्ट्यांचं काम विस्कटलं. डच ईस्ट इंडिया कंपनीला युरोपात विकायला माल तर हवाच होता. तिने जपानमधल्या आरिता गावाकडे मोर्चा वळवला आणि १६५९ पासून मोठ्या मागण्या नोंदवल्या, त्याही चिनी नमुन्यांवर. पुढे चीन सावरला आणि १७०० च्या सुमारास तिथले कारागीर जपानी ‘इमारी’ नक्षीची, म्हणजे निळ्या-लाल-सोनेरी रंगकामाची, नक्कल करू लागले. त्यामुळे नुसत्या ड्रॅगनवरून किंवा फुलांवरून निवाडा करू नये.

प्लेट उपडी करा आणि तळाचं कडं उजेडात धरा. आरिताच्या जुन्या मोठ्या प्लेटांना कड्याच्या आतल्या भागात बहुधा तीन ते पाच बारीक, खरखरीत ठिपके असतात. भट्टीत तापल्यावर प्लेटचा मधला भाग खाली बसू नये म्हणून मातीचे छोटे टेकू लावत. ते मोडून काढल्याच्या या खुणा. त्याच काळातल्या चिनी प्लेटवर त्या सहसा नसतात. चिनी प्लेटचं कडं कोरून नीट केलेलं, टेकतं तेवढ्या भागात झिलई नसलेलं, आणि झिलई संपते तिथे बऱ्याचदा तांबूस-केशरी रेघ. कधी बुडाला वाळूचे कणही चिकटलेले असतात. बोट फिरवलं की कळतं.

रंगीत इमारीत फरक आणखी स्पष्ट आहे. जपानी इमारीचा निळा गडद, काळपटाकडे झुकणारा, लाल दाट, अंग जाड आणि झिलई किंचित करडी. चिनी इमारी पातळ, जास्त पांढरी, तिचा लाल विरळ आणि नारिंगीकडे जाणारा. शेजारी शेजारी ठेवल्या तर एकदा दिसलेला फरक पुन्हा विसरत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. ठाण्याहून सीएसएमटी लोकल पकडून त्या बघून याव्यात. फोटोंवर तासन्‌तास डोळे ताणण्यापेक्षा ते बरं.

वयाचा पुरावा नक्षीच्या कामातही असतो. हाताने रंगवलेल्या नक्षीत कुंचल्याची रेघ जाड-बारीक होते, आतला रंग कुठे दाट तर कुठे फिका साठतो. १८७० नंतरच्या जपानी प्लेटांवर मात्र कापलेल्या कागदाच्या साच्याने नक्षी छापलेली भरपूर सापडते. रांगोळीच्या छापासारखीच गत: साचा एकसंध राहावा म्हणून रेघा मध्ये मध्ये तुटतात, आणि काठावर जिथे छापाची दोन टोकं जुळायला हवीत तिथे फूल अर्धंच राहतं. शिवाय निळा भडक, कारण तोवर आयात केलेला कृत्रिम कोबाल्ट वापरात आला होता. अशी प्लेट शंभर वर्षं सहज जुनी असते, दिसायलाही गोड असते, पण दुर्मीळ नसते.

आता तळाची अक्षरं, ज्यांच्यावर सगळ्यांची भिस्त असते. सहा अक्षरी चिनी खूण दोन ओळींत, उजवीकडून सुरू करून वरून खाली वाचतात: घराणं, बादशहा, आणि त्याच्या काळात घडवलं. कांगशी बादशहाची कारकीर्द १६६२ ते १७२२. त्याच्या नावाची चार अक्षरी खूण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घडवलेल्या बरण्यांवर सर्रास आहे. खुद्द कांगशीच्या काळातल्या कित्येक वस्तूंवर चेंगह्वा बादशहाचं, म्हणजे १४६५ ते १४८७ मधलं नाव आहे, आणि जपान्यांनीही तेच नाव उचललं. याला दरवेळी फसवणूक म्हणता येत नाही, पूर्वजांचा मान राखायची ती रीत होती. उलट कांगशीच्या अस्सल बरण्यांच्या बुडाशी कधीकधी नुसती निळी दुहेरी वर्तुळं असतात, आत एक अक्षर नाही.

माझा भरवसा इंग्रजी शिक्क्यावर जास्त. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत सक्तीचं केलं. त्यामुळे ‘निप्पॉन’ (जपानचं जपानी नाव) साधारण १८९१ ते १९२१, त्यानंतर ‘जपान’ किंवा ‘मेड इन जपान’, आणि ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचा. मात्र शिक्का नाही म्हणून वस्तू १८९१ आधीची ठरत नाही. भारतात आलेल्या मालावर अमेरिकेचा कायदा चालत नव्हता.

वय कळलं म्हणजे किंमत कळली असं नाही. अठराव्या शतकातली साधी निर्यातीची प्लेट केसाएवढ्या चिरेने निम्म्याहून खाली येऊ शकते, आणि विसाव्या शतकातलं उत्तम हातकाम तिच्या पुढे जातं. टवका भरून वर रंग दिला असेल तर अतिनील टॉर्चखाली तो भाग बऱ्याचदा वेगळा चमकतो. आणि काकू, सोनेरी काठाला चिंच किंवा पितांबरी अजिबात लावू नका. ते सोनं झिलईच्या वर असतं, घासलं की गेलं.

बरणी अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवायची असेल तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आडवा येतो. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. तुमची त्यात बसत नसेल तर तसं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावं लागतं. तिकीट काढायच्या आधीच तिकडे अर्ज करा.