लिथियम-आयन आणि लिथियम-ऑक्सिजन: नाव जवळचं, आतलं पाणी वेगळं

परभणीत मे महिना लागला की इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी बघावंच लागतं. महिन्याभरात पातळी उतरते, डिस्टिल्ड वॉटर ओतावं लागतं. यंदा शेजारच्या काकांनी लिथियमची बॅटरी बसवली आणि मला विचारलं, "सर, हवेवर चालणारी म्हणतात ती हीच का?"

काकांची बॅटरी लिथियम-आयन. १९९१ साली सोनीने ती बाजारात आणली. तिच्यात लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ग्राफाइट आणि समोरचा थर यांच्यात ये-जा करतात. ज्यातून ते सरकतात तो मधला इलेक्ट्रोलाइट म्हणजे कार्बोनेट जातीच्या द्रवात विरघळवलेला लिथियमचा क्षार. सगळं डब्यात बंद.

हवेवरची ती लिथियम-ऑक्सिजन. १९९६ मध्ये अब्राहम आणि जियांग या संशोधकांनी ती मांडली. एका बाजूला शुद्ध लिथियम धातू, दुसऱ्या बाजूला सच्छिद्र कार्बन. बाहेरून ऑक्सिजन आत येतो आणि लिथियमशी जुळून कार्बनच्या छिद्रांत लिथियम पेरॉक्साइड म्हणून साचतो, म्हणजे वापरताना ही बॅटरी चक्क जड होत जाते! कागदावर किलोमागे सुमारे ३५०० वॉट-तास निघतात. पण प्रत्यक्षात गाडी अडते ती इलेक्ट्रोलाइटपाशी.

सुरुवातीला संशोधकांनी आयन बॅटरीतलाच कार्बोनेट इलेक्ट्रोलाइट वापरला. २०१०-११ च्या सुमारास उलगडा झाला की ऑक्सिजनपासून तयार होणारं सुपरऑक्साइड तो द्रवच खातं. पेरॉक्साइडऐवजी मुख्यतः लिथियम कार्बोनेटसारखा गाळ साचत होता. जो द्रव एका बॅटरीत वर्षानुवर्षं टिकतो, तो दुसरीत चार्ज-डिस्चार्जच्या थोड्याच फेऱ्यांत संपतो.

मग कार्बोनेटऐवजी ईथर जातीचे द्रव आले. त्यातलं डायमेथॉक्सीइथेन प्रवाही आहे, पण ते उणे २ अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. तोंड उघडं असलेल्या बॅटरीत, आमच्या ४२ अंशांच्या दुपारी, ते किती टिकेल? टेट्राग्लाइम हे दुसरं ईथर २७५ अंशांना उकळतं, म्हणून मला ते जास्त भरवशाचं वाटतं, जरी ते दाट असल्याने आयन हळू सरकतात. डायमिथाइल सल्फॉक्साइड या वेगळ्या जातीच्या द्रवात सुपरऑक्साइड विरघळतं, त्यामुळे पेरॉक्साइडचा पातळ लेप न बसता मोठे कण वाढतात आणि क्षमता वाढते. पण तेच द्रव लिथियम धातूवर तुटून पडतं. एक सांधावं तर दुसरं उसवतं.

चार्जिंगचं दुखणं याहून मोठं आहे. पेरॉक्साइड विजेचं वाहक नाही, त्यामुळे व्होल्टेज चढतं आणि चढल्या व्होल्टेजला इलेक्ट्रोलाइट कुजतो. त्यावर इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम आयोडाइडसारखा मध्यस्थ घालतात. तो पेरॉक्साइडकडचे इलेक्ट्रॉन कार्बनपर्यंत पोचवतो. मात्र हाच मध्यस्थ पोहत पलीकडच्या लिथियमपर्यंत गेला तर तिथे धातू खराब करतो. म्हणून मध्ये सिरॅमिकचा घन थर घालायचे प्रयत्न चालू आहेत. त्याने लिथियमच्या सुयांसारख्या फांद्या वाढून शॉर्ट होण्याचा धोकाही कमी व्हावा, अशी आशा आहे. माझं मत विचाराल तर आधी लिथियम झाका, मग द्रव निवडा.

नवा इलेक्ट्रोलाइट 'शेकडो फेऱ्या टिकला' असं कुठे वाचलंत, तर एक गोष्ट तपासा: चार्ज करताना ऑक्सिजन किती परत आला? दर दोन इलेक्ट्रॉनमागे एक रेणू परत यायला हवा. कमी आला, तर उरलेली वीज इलेक्ट्रोलाइट जाळण्यात गेली.

काकांच्या डब्यात यातलं काहीच नाही. त्यात पाणी घालायचं नाही, तो उघडायचाही नाही. तो पत्र्याच्या खोलीत ठेवला होता, तेवढा हलवून आम्ही जिन्याखाली सावलीत ठेवला.