पेशीची नामनिर्देशित आकृती

पेशीची आकृती काढून, किंवा तयार आकृती, काचपट्टी वा प्रतिकृती समोर ठेवून तिच्या भागांना नावे देण्याची शालेय कृती. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत सातवीला ‘पेशीरचना आणि सूक्ष्मजीव’ आणि आठवीला ‘पेशी व पेशीअंगके’ ही प्रकरणे आली, आणि ही कृती त्या दोन्हींच्या मध्यभागी आहे. ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ ही परीक्षेतली सूचना तर पुढे बारावीपर्यंत विद्यार्थ्याचा पिच्छा सोडत नाही.

आकृतीला नावे देणे वरवर पाहता पाठांतराचे काम वाटते, आणि पुष्कळ वर्गांत ते तेवढेच राहते. वास्तविक नामनिर्देशाची प्रत्येक रेषा हे एक विधान असते : अमुक भाग इथे आहे. हे विधान तपासता येते, ते चुकू शकते आणि त्यावर वादही घालता येतो. कृतीचे मोल या तपासणीत आहे. नावांची यादी फळ्यावरूनही उतरवून घेता येते.

आकृती आली कुठून

रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये ‘मायक्रोग्राफिया’त बुचाच्या कापाचे चित्र छापले तेव्हा आडवा आणि उभा काप ओळखायला ए आणि बी ही दोन अक्षरे पुरली. आतल्या भागांना नावे द्यायला आत काही उरलेच नव्हते; त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशींतल्या केंद्रकाकडे लक्ष वेधले. श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये पेशीसिद्धांत, म्हणजे सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात हा विचार, मांडला. १८९८ मध्ये कामिलो गॉल्गीने घुबडाच्या चेतापेशींत जाळीदार रचना पाहिल्याचे जाहीर केले. ती रचना खरी, की रंजनाच्या, म्हणजे पेशी रंगवण्याच्या, रसायनांनी उमटवलेला भास, हा वाद मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी हाती येईपर्यंत, म्हणजे पन्नासएक वर्षे चालू राहिला. पेशीतला टाकाऊ माल पचवणाऱ्या पिशवीची, म्हणजे लयकारिकेची, कथा उलटीच आहे. क्रिस्तियाँ द दूव्ह यांना तिचा पत्ता लागला तो पेशींचा लगदा अपकेंद्री यंत्रात फिरवून विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, मोजताना. तिला १९५५ मध्ये नाव मिळाले ते तिच्या रसायनावरून, डोळ्यांनी पाहून नव्हे. या कामासाठी द दूव्ह यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक आल्बेर क्लोद आणि जॉर्ज पालादे यांच्याबरोबर विभागून मिळाले.

हे सगळे एकाच चौकटीत बसवण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ एडमंड विल्सन यांच्या १८९६ मधील ग्रंथात ‘सर्वसाधारण पेशी’ची आकृती आहे. बेल्जियमचे ज्यां ब्राशे यांनी १९६१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या छायाचित्रांवर आधारलेली नवी सर्वसाधारण पेशी मांडली. आजच्या शालेय पुस्तकांतली पेशी तिच्याच कुळातली आहे. अशी पेशी निसर्गात कुठेच सापडत नाही. यकृताची, स्नायूची, पानाची अशा नाना पेशींतले भाग आणि तीन वेगवेगळ्या साधनांनी मिळालेली माहिती तिच्यात एकत्र आलेली असते. वर्गात मात्र ती छायाचित्र असल्यासारखी दाखवली जाते. मग सूक्ष्मदर्शीला डोळा लावलेले मूल पहिला प्रश्न हाच विचारते : सर, तंतुकणिका कुठे आहेत? तंतुकणिका म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग. प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आकृती देत नाही.

मापाचा घोळ

साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शीने एकमेकांपासून सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा कमी अंतरावर असलेले दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत. ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे येते. महागडे भिंग आणले तरी ती ओलांडता येत नाही. तंतुकणिकेची जाडी साधारण अर्धा ते एक मायक्रोमीटर असते. म्हणजे ती या मर्यादेच्या थोडीच वर येते, आणि खास रंजन केल्याशिवाय शाळेच्या सूक्ष्मदर्शीतून ओळखू येत नाही. प्रथिने बनवणारे रायबोसोम २० ते ३० नॅनोमीटरचे, तेव्हा त्यांचा प्रश्नच नाही.

पूर्ण वर्गाला चालेल असा एक हिशेब आहे. कांद्याच्या पापुद्र्यातली एक पेशी ०.३ मिलिमीटर लांब धरली आणि ती कागदावर ३० सेंटिमीटरची काढली, तर वर्धन झाले १,०००. या मापाने केंद्रक एखाद्या सेंटिमीटरचे येते. तंतुकणिका मिलिमीटरभर जाडीची. प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीद्रव्याभोवतीचे पातळ आवरण, प्रत्यक्षात ७-८ नॅनोमीटर जाड असते, ते कागदावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक व्हायला हवे. पेन्सिलीची रेघ त्याच्या पन्नास पटींहून जाड उमटते. मुलांना हे पट्टी घेऊन करायला लावले की पुस्तकातल्या आकृतीतली बटाट्याएवढी तंतुकणिका मापाने काढलेली नाही, सोयीसाठी फुगवलेली आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. आकृतीतल्या भागांमधली मोकळी जागाही अशीच सोयीची. प्रत्यक्षात पेशीद्रव्य प्रथिनांनी खचाखच भरलेले असते.

काचपट्टीवरून नामनिर्देश

सगळ्यात फलदायी प्रकार हाच, आणि घाईत सगळ्यात आधी गळतो तोही हाच. कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलायचा, काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात तो घडी न पडता पसरायचा, वर आयोडीनचा थेंब टाकायचा आणि आच्छादक काच एका कडेने तिरकी टेकवत अलगद खाली सोडायची. सरळ टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडांचे हे गोल इतके ठसठशीत दिसतात, की प्रयोगवहीत दरवर्षी कोणीतरी त्यांनाच ‘पेशी’ किंवा ‘केंद्रक’ असे नाव देते. आधी १०० पट वर्धनावर पेशींच्या विटांसारख्या ओळी शोधायच्या, मग ४०० पटीवर जायचे.

आता नियम एकच : जे दिसते त्यालाच रेषा. कांद्याच्या या पेशीत पेशीभित्तिका स्पष्ट दिसते. आयोडीनने पिवळसर तपकिरी झालेले केंद्रक दिसते, कडेने पेशीद्रव्याचा पातळ थर जाणवतो. हरितलवके, म्हणजे अन्न तयार करणारे हिरवे कण, नसतात, कारण कांदा जमिनीत वाढतो आणि त्याच्या या पाकळ्यांना उजेड मिळत नाही. पुस्तकातली वनस्पतीपेशीची आकृती पाठ असलेली मुले तरीही त्यांची रेषा ओढतात. अशा वेळी खोडरबर पुढे करण्याआधी शिक्षकाने ‘दाखव बघू’ एवढेच म्हणावे.

केंद्रकाची जागा हाही चांगला विषय. बहुतेक पेशींत ते भिंतीला टेकलेले दिसते, कारण मधली सगळी जागा रसाने भरलेल्या मोठ्या रिक्तिकेने व्यापलेली असते. काही पेशींत मात्र ते मधोमध दिसते. खरे तर तेही भिंतीलाच टेकलेले असते, फक्त ती भिंत आपल्याकडे तोंड करून असलेली वरची किंवा खालची असते. सूक्ष्मस्क्रू हळूहळू फिरवला की पेशीची वरची बाजू अंधूक होते आणि खालची स्पष्ट होते. पेशीला खोली आहे हे कागदावरची सपाट आकृती कधीच पटवत नाही. स्क्रूचा अर्धा वेढा पटवतो.

प्रद्रव्यपटल ही सर्वांत अवघड रेषा. ते भित्तिकेला आतून चिकटलेले असल्याने वेगळे दिसतच नाही, तरी आकृतीत सगळे ते बिनदिक्कत दाखवतात. ते दाखवण्याचा प्रामाणिक मार्ग रिओच्या पानातून जातो. बागांच्या कडेला लावलेल्या या झाडाच्या पानाची खालची बाजू जांभळी असते. तिचा पापुद्रा पाण्यात पाहिला तर प्रत्येक पेशी रंगाने काठोकाठ भरलेली दिसते. हा रंग रिक्तिकेतल्या रसाचा. आच्छादक काचेच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्यायचे. काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसतो आणि भित्तिकेपासून सुटून मध्ये गोळा होतो. आता त्या गोळ्याची कड आणि भित्तिका यांच्यामध्ये फट असते. गोळ्याच्या कडेशी प्रद्रव्यपटल आहे, त्याच्या आत पेशीद्रव्याचा अगदी पातळ थर आणि त्याच्या आत रिक्तिका. साध्या पाण्यात ठेवलेल्या पेशीची आकृती आणि मिठाच्या पाण्यातली आकृती शेजारीशेजारी काढून दोन्हींना नावे दिली की ‘पटल आणि भित्तिका यांतला फरक सांगा’ हा प्रश्न पाठ करावा लागत नाही.

हरितलवकांसाठी हायड्रिला उत्तम. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या या पाणवनस्पतीचे कोवळे पान तसेच्या तसे काचपट्टीवर ठेवता येते, आणि दिव्याच्या उबेने थोड्या वेळात हिरवे कण पेशीच्या कडेकडेने फिरू लागतात. गालाच्या आतल्या बाजूची पेशी मिथिलिन ब्ल्यूने रंगवली की केंद्रक निळे उठून दिसते आणि भित्तिका नसल्याचेही कळते. यासाठी प्रत्येकाने स्वतःची नवी काडी वापरावी आणि ती लगेच टाकून द्यावी.

सूक्ष्मदर्शी एक आणि मुले साठ, ही अनेक शाळांची परिस्थिती आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सिबल्स्की यांनी घडीच्या कागदाचा फोल्डस्कोप तयार केला. त्याविषयीचा शोधनिबंध २०१४ चा. सुमारे १४० पट वर्धन देणारा हा सूक्ष्मदर्शी कांद्याच्या पेशीसाठी पुरेसा आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडला की चित्र साऱ्या वर्गाला दाखवता येते आणि त्यावर बोट ठेवून वादही घालता येतो.

रेषेचे संकेत

प्रयोगवहीतले डावीकडचे पान आकृतीसाठी कोरे असते. आकृती पेन्सिलीने, सलग रेघेने आणि छायांकनाशिवाय काढायची. नामनिर्देशाच्या रेषा पट्टीने ओढायच्या, शक्यतो आडव्या आणि एकमेकींना न छेदणाऱ्या. टोकाला बाण नको. टोक त्या भागाला टेकलेच पाहिजे, जवळपास हवेत थांबता कामा नये. नावे एका बाजूला, एकाखाली एक. यातला बराचसा भाग टापटिपीचा आहे, पण टोकाचा नियम तसा नाही. हवेत थांबलेली रेषा काहीच सांगत नाही, आणि परीक्षक तिला गुण देतो तेव्हा तो अंदाजाला गुण देत असतो.

वर्गातले इतर प्रकार

कोऱ्या आकृतीवर नावांच्या चिठ्ठ्या लावणे हा नेहमीचा प्रकार. नावांची यादी समोर असली की काम ओळखण्याचे होते आणि यादी नसली की आठवण्याचे. दोन्हींत मोठा फरक आहे. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये गद्य उताऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा वाचलेले आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवले. आकृतीच्या बाबतीत हेच करायचे तर पहिल्या दिवशी यादी द्यावी आणि पुढच्या आठवड्यात तीच आकृती यादीशिवाय द्यावी. शिकण्याच्या प्रक्रियेचे अभ्यासक चँडलर आणि स्वेलर यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी दाखवले, की आकृती एकीकडे आणि तिचे स्पष्टीकरण दुसरीकडे असले की शिकणाऱ्यावरचा ताण वाढतो. १, २, ३ आकडे टाकून नावे पानाच्या तळाला देण्याची छपाईतली सवय म्हणूनच शिकवण्यासाठी वाईट आहे, परीक्षेसाठी ठीक.

मुद्दाम चुकीची नावे घातलेली आकृती देऊन चुका शोधायला लावणे हा प्रकार फारसा वापरला जात नाही, तो वापरावा. चूक शोधणाऱ्याला कारणही सांगावे लागते. नावाऐवजी कार्याची चिठ्ठी देणे हा त्याचाच भाऊ : ‘इथे अन्न तयार होते’ अशी चिठ्ठी प्राणीपेशीच्या आकृतीवर लावायची वेळ आली की गट थबकतो, आणि चर्चा तिथेच सुरू होते.

शाडूच्या किंवा कणकेच्या प्रतिकृती, त्यांत टाचणीला चिकटवलेली कागदी निशाणे आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला शाळेच्या व्हरांड्यात काढलेल्या पेशीच्या रांगोळ्या महाराष्ट्रात ओळखीच्या आहेत. रांगोळीचा फायदा मोठ्या आकाराचा : मूल स्वतः पेशीत उभे राहून नावाची पाटी ठेवू शकते. तोटाही तिथेच. बक्षीस रंगसंगतीला जाते आणि तंतुकणिकेची आतली घडी कोणी पाहत नाही. पालकांनी रात्री जागून केलेल्या थर्माकोलच्या प्रतिकृतीविषयी तर न बोललेले बरे.

ठरलेल्या चुका

‘हरितलवके असतात, म्हणून वनस्पतीपेशीत तंतुकणिका नसतात’ ही सर्वांत चिवट समजूत. वनस्पतीपेशी आणि प्राणीपेशी यांच्यातील फरकांचा तक्ता ती जोपासतो, कारण तक्त्यात समान भागांना जागाच नसते. दोन्ही आकृत्यांना एकाच वेळी नावे द्यायला लावली आणि समान भाग एकाच रंगाने लिहायला सांगितले तर ती बरीच सैल होते. ‘प्रत्येक पेशीला केंद्रक असते’ ही दुसरी समजूत. माणसाच्या पक्व तांबड्या रक्तपेशीत ते नसते आणि जीवाणूंत पटलाने वेढलेले केंद्रकच नसते. तंतुकणिकेचे ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’, लयकारिकांचे ‘आत्मघाती पिशव्या’ ही विशेषणे लक्षात राहतात, पण नाव आणि विशेषण यांची जोडी जुळली की कार्य समजले असे विद्यार्थ्याला आणि कधीकधी शिक्षकालाही वाटू लागते.

अंध विद्यार्थ्यांसाठी ही कृती चांगली उतरते, कारण बोटांनी वाचायची आकृती जाडीवरच अवलंबून असते. जाड दोरा भित्तिकेला, बारीक दोरा पटलाला, मोठे बटण केंद्रकाला आणि वाळूकागदाचे तुकडे हरितलवकांना, सोबत ब्रेल चिठ्ठ्या. अशा आकृतीत सातआठ भागांपेक्षा अधिक भाग घालू नयेत, बोटांना गर्दी उलगडत नाही. हीच आकृती डोळस मुलांना डोळे मिटून ओळखायला दिली की त्यांच्याही लक्षात येते, की एरवी आपण भाग ओळखत होतो ते पुस्तकातल्या रंगावरून.

मूल्यमापनात नाव, जागा आणि कारण यांचे गुण वेगळे ठेवणे सोयीचे. नाव अचूक पण टोक भलतीकडे, याला अर्धा गुण. जागा बरोबर आणि नावाचे शुद्धलेखन चुकलेले, याला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही. आंतर्द्रव्यजालिका हा शब्द तेराव्या वर्षी पहिल्याच फटक्यात कोणाला लिहिता येतो? सेमी-इंग्रजीच्या वर्गात मुले ही नावे इंग्रजीतून लिहितात आणि बोलताना मराठी वापरतात, तिथे तोंडी परीक्षेत दोन्ही चालवून घ्यावीत. काचपट्टीवरून काढलेल्या आकृतीसाठी मात्र एक अट असावी : वर्धन लिहिलेले नसेल, तर आकृती अपुरी.