दुधाचा दात कौलावर टाकणे

मुलाचा पडलेला दुधाचा दात घराच्या छपरावर टाकून त्याच्या बदल्यात उंदराकडे नवा, बळकट दात मागण्याची घरगुती प्रथा. महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटकाच्या सीमाभागातील बेळगाव, खानापूर, निपाणी या परिसरातल्या मराठी घरांतही ती परिचित आहे. तिला मुहूर्त लागत नाही, पुरोहित लागत नाही आणि खर्चही येत नाही.

दुधाचे दात 20 असतात. साधारणपणे सहाव्या वर्षी खालच्या जबड्यातील मधले दोन दात प्रथम हलू लागतात आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास हा क्रम संपतो. खालून वर सरकणाऱ्या कायमच्या दातामुळे दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळत जाते. म्हणून आपोआप पडलेला दात तळहातावर घेतला तर त्याला मूळ जवळजवळ नसतेच. छपराकडे जाण्याआधी मुलाला ही पोकळ बाजू अवश्य दाखवावी, कारण नवा दात आत कामाला लागल्याची खूण मुलाला तिथेच दिसते.

मागणी उंदराकडेच का, याचे उत्तर त्याच्या दातांत आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडण्याने झिजून धारदार राहतात, तेव्हा तसाच दात मिळावा ही इच्छा स्वाभाविक ठरते. मूल त्याला ‘उंदीरमामा’ म्हणते, आणि भाच्याने हक्काने काही मागावे असे आपल्याकडचे नाते मामाचेच आहे. ‘माझा दात घे, तुझा दात दे’ अशा अर्थाचे बोल मुलाने स्वतः म्हणायचे आणि दातही स्वतःच टाकायचा. मोठ्यांनी घाईने हे काम उरकले तर प्रथेतला जीवच जातो. फ्रान्स व स्पेनमध्येही पडलेला दात उंदीरच नेतो, मात्र तिथे तो उशीखाली ठेवतात. नाणे ठेवून जाणारी दातपरी ही त्या मानाने अलीकडची, विसाव्या शतकातील अमेरिकेत रुजलेली कल्पना आहे.

सीमाभागात या प्रसंगाला दोन भाषांची जोड सहज मिळू शकते. दुधाच्या दाताला कन्नडमध्ये ‘हालुहल्लु’ म्हणतात; ‘हालु’ म्हणजे दूध, ‘हल्लु’ म्हणजे दात. शेजारच्या कन्नड आजीकडून हा शब्द शिकून मुलाने उंदरालाही तो ऐकवला, तर एकाच दातासाठी दोन भाषांत मागणी होते आणि मुलाला त्याचे मोठे अप्रूप वाटते.

कौलारू घर नसेल तर गच्चीवरून किंवा अंगणातून शेडच्या पत्र्यावर दात टाकता येतो. काही घरांत तो तुळशीच्या मुळाशी पुरतात. दात संध्याकाळी पडला तर वाटीत झाकून ठेवावा आणि सकाळी सगळे घर अंगणात जमल्यावर टाकावा. नवा दात डोकावेपर्यंत रोज आरशात पाहून ‘मामाने किती पाठवला’ हे मोजण्याचा खेळही मुले आवडीने खेळतात. या काळात ‘बोळके’ म्हणून चिडवणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्यामुळे हसताना तोंडावर हात ठेवण्याची सवय लागू शकते.

दात दोरा बांधून ओढू नये. तो सैल होऊन पडू द्यावा. रक्त आल्यास स्वच्छ कापडाची घडी काही मिनिटे चावून धरायला सांगावी. खेळताना पडून कायमचा दात निखळला असेल, तर तो छपरावर टाकायचा नसतो: मुळाला हात न लावता तो दुधात ठेवून ताबडतोब दंतवैद्याकडे न्यावा, कारण असा दात पुन्हा जागी बसवता येण्याची शक्यता असते आणि तिथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.