भुलीची भीती आणि आदल्या रात्रीची गोळी

‘भूल उतरलीच नाही तर?’ आणि ‘मध्येच जाग आली तर?’ शस्त्रक्रियेआधीच्या या दोन नेहमीच्या शंकांपैकी पहिली क्लोरोफॉर्मच्या काळापासूनची. १८४८ साली इंग्लंडमध्ये पायाच्या बोटाचं नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिलेली १५ वर्षांची मुलगी दगावली आणि किरकोळ शस्त्रक्रियेतही भुलीने जीव जाऊ शकतो, हे लोकांना कळून चुकलं. दुसरी शंका १९४२ नंतर बळावली. स्नायू शिथिल करणारी औषधं भुलीत वापरात आली आणि जाग असूनही बोट हलवता येणार नाही, अशी स्थिती शक्य झाली.

या भीतीवर ठरलेला उपाय म्हणजे गुंगीची गोळी. शस्त्रक्रियेआधी औषध देण्याची पद्धत रुजली तेव्हा तिला वेगळंही कारण होतं. हुंगवून भूल देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इथरने तोंडात लाळ साचे, भूल चढायला वेळ लागे आणि त्या वेळात रुग्ण धडपडे. १९३० च्या दशकात शिरेतून भूल देणं रूढ होऊ लागलं, पुढे इथरही मागे पडलं, तरी गोळी मात्र राहिली. १९६३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की औषधाने रुग्णाला पेंग येते, पण मन शांत होतं ते भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी येऊन बोलून गेल्यावर. एवढं स्पष्ट दिसूनही संभाषणाऐवजी गोळीच नियमाची झाली, हे खटकतं. गोळी लिहून द्यायला क्षण पुरतो, हे त्यामागचं एक कारण असावं. २०१५ मध्ये फ्रान्समध्ये हजाराहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत लोराझेपाम ही गुंगीची गोळी घेतलेले रुग्ण न घेतलेल्यांपेक्षा अधिक समाधानी नव्हते. शस्त्रक्रियेनंतर श्वासनलिकेतली श्वासासाठीची नळी काढायला मात्र त्यांना जास्त वेळ लागला. गोळीच्या बाजूने बोलणारे अतिशय घाबरलेल्या रुग्णांकडे बोट दाखवतात, पण त्या गटातही फायदा ठळकपणे दिसला नाही. लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे.

मध्येच जाग येण्याबद्दलची मोठी पाहणी २०१४ साली ब्रिटन आणि आयर्लंडमधून प्रसिद्ध झाली. पूर्ण भूल दिलेल्या सुमारे १९ हजारांत एका रुग्णाने अशी तक्रार केली होती. स्नायू शिथिल केलेल्यांत हे प्रमाण ८ हजारांत एक. बहुतेक प्रसंग भूल चढताना किंवा उतरतानाचे होते. वेदनेपेक्षा हलता न येण्याने माणसं जास्त घाबरली होती आणि आपल्याला काय होतंय हे ज्यांना उमगलं, त्यांना त्याचा त्रास कमी झाला.