रग्बीमध्ये राष्ट्रीय संघ बदलण्यासाठीचा अर्ज: नियम ८ नुसार पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाच्या मुख्य संघाकडून एखाददुसरा कसोटी सामना खेळलेला टोंगन वा सामोअन वंशाचा खेळाडू २०२१ अखेरपर्यंत आपल्या आईवडिलांच्या देशासाठी जवळपास कायमचा गमावलेला असे. मोठ्या देशाने त्याला पुन्हा कधीही निवडले नाही, तरी तो त्याच देशाशी बांधलेलाच राही. ऑलिंपिकच्या सेव्हन्स (सात जणांच्या रग्बीच्या) पात्रता स्पर्धांमधून जाणारी एक आडवाट होती, परंतु तिच्यासाठी त्या देशाचा पासपोर्ट आवश्यक असे आणि ती थोड्यांनाच साधली. जागतिक नियामक संस्था वर्ल्ड रग्बीच्या परिषदेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी या नियमात बदल मंजूर केला आणि १ जानेवारी २०२२ पासून जन्म किंवा वंश यांच्या आधारे एकदा राष्ट्रीय संघ बदलण्याची मुभा मिळाली. उदयोन्मुख देशांना बळ देण्यासाठी गेल्या काही दशकांत झालेल्या उपायांपैकी हा सर्वांत कमी खर्चाचा आणि तरीही सर्वांत थेट उपाय आहे, असे माझे मत आहे. मात्र त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि अर्जाचे भवितव्य कागदपत्रांवर ठरते.

मूळ पात्रता

संघबदलाचा विचार करण्यापूर्वी मूळ पात्रता समजून घेणे आवश्यक आहे. वर्ल्ड रग्बीच्या नियम ८ नुसार खेळाडूला ज्या देशाकडून खेळायचे आहे तेथे त्याचा स्वतःचा जन्म झालेला असावा, किंवा आईवडिलांपैकी अथवा आजीआजोबांपैकी कोणा एकाचा जन्म तेथे झालेला असावा. यांपैकी काहीच लागू होत नसेल, तर २०२२ च्या आरंभी लागू झालेल्या नियमानुसार त्या देशात सलग ६० महिने किंवा आयुष्यभरात एकूण १० वर्षे वास्तव्य झालेले असावे. वास्तव्याची अट पूर्वी ३६ महिन्यांची होती. क्योटो येथे मे २०१७ मध्ये ती ६० महिन्यांची करण्याचा निर्णय झाला, आणि कोविडमुळे लांबलेली त्याची अंमलबजावणी २०२१ संपताच सुरू झाली. श्रीमंत संघटनांनी परदेशी तरुणांना करार देऊन बोलवावे आणि तीन वर्षांनी आपल्या जर्सीत मैदानात उतरवावे, या प्रथेला त्यामुळे बराच आळा बसला.

येथे ‘देश’ या शब्दाचा अर्थ रग्बी संघटनेचे कार्यक्षेत्र असा घ्यावयाचा असतो. आयर्लंडचा संघ प्रजासत्ताक आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड या दोन्हींचा मिळून एक आहे, तर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांचा पासपोर्ट एकच असला तरी संघ वेगळे आहेत. त्यामुळे आजोबा ‘ब्रिटिश’ होते एवढे सांगून भागत नाही. ते कोणत्या गावी जन्मले, हे दाखवावे लागते.

खेळाडू ‘बांधला’ केव्हा जातो

ज्याने कोणत्याही राष्ट्रीय संघाकडून सामना खेळलेला नाही, त्याला संघबदलाचा अर्ज करण्याची गरज नाही. त्याने मूळ पात्रता सिद्ध केली की पुरे. अर्जाची वेळ येते ती बांधल्या गेलेल्या खेळाडूवर. पंधरा जणांच्या मुख्य राष्ट्रीय संघाकडून खेळल्यास खेळाडू बांधला जातोच. त्याशिवाय प्रत्येक संघटना आपला एक दुय्यम राष्ट्रीय संघ अधिकृतपणे घोषित करते, आणि त्या संघाकडून दुसऱ्या देशाच्या मुख्य वा दुय्यम संघाविरुद्ध खेळल्यासही तेच घडते. सेव्हन्समध्ये मात्र वयाची अट आहे. राष्ट्रीय सेव्हन्स संघाकडून खेळताना वयाची २० वर्षे पूर्ण झालेली असतील तर खेळाडू बांधला जातो, आणि ऑलिंपिक किंवा सेव्हन्स विश्वचषकात सज्ञान झाल्यावर खेळल्यासही बांधला जातो.

दुय्यम संघाची ही तरतूद वाचताना किरकोळ वाटते, पण तिने एका देशाची विश्वचषकाची संधी हिरावली आहे. फ्रान्सने पूर्वी २० वर्षांखालील संघालाच आपला दुय्यम संघ घोषित केले होते. त्या संघाकडून खेळून बांधले गेलेले खेळाडू स्पेनने २०१९ च्या विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांत उतरवले. २०१८ मध्ये चौकशी झाली, तेव्हा स्पेनबरोबरच रोमानिया आणि बेल्जियम यांनीही अपात्र खेळाडू खेळवल्याचे निष्पन्न झाले, तिन्ही देशांचे गुण कापले गेले आणि रशियाला थेट प्रवेश मिळाला. २०१८ च्या आरंभापासून २० वर्षांखालील संघाला दुय्यम संघ घोषित करण्यास मनाई आहे. तरीही जुन्या सामन्यांचा परिणाम आजही टिकून असल्याने, अर्जदाराने वयोगटातील संघांसह आपल्या सर्व आंतरराष्ट्रीय सामन्यांची तारीखवार यादी करूनच पुढे जावे.

संघबदलाच्या अटी

बांधल्या गेलेल्या खेळाडूला संघ बदलायचा असेल, तर शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यापासून किमान ३६ महिने त्याने आंतरराष्ट्रीय रग्बीपासून दूर राहिलेले असावे. ज्या देशाकडे जायचे आहे तेथे त्याचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी एकाचा जन्म झालेला असावा. असा बदल आयुष्यात एकदाच करता येतो. वास्तव्याच्या आधारावर तो करता येत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण नियमातील हे सर्वांत शहाणपणाचे कलम आहे, कारण त्यामुळे पैशाच्या जोरावर बांधलेला खेळाडू फोडण्याचा मार्ग बंद झाला.

तीन वर्षांची गणना कशी होते, हे इझ्राएल फोलाऊच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ऑस्ट्रेलियाकडून तो शेवटचा नोव्हेंबर २०१८ मध्ये खेळला, म्हणजे त्याची मुदत नोव्हेंबर २०२१ मध्ये पूर्ण झाली. त्याचा जन्म सिडनीचा, परंतु आईवडील टोंगाचे. जुलै २०२२ मध्ये तो फिजीविरुद्ध टोंगाकडून मैदानात उतरला. न्यूझीलंडकडून खेळलेला चार्ल्स पिउटाऊ त्याच सामन्यात टोंगाकडून खेळला. पुढे २०२३ च्या विश्वचषकात लिमा सोपोआगा आणि क्रिश्चन लिआलिफानो हे अनुक्रमे न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाचे माजी खेळाडू सामोआच्या संघात होते, आणि त्या सामोआने इंग्लंडला १८-१७ अशा निसटत्या विजयासाठी झुंजवले. टोंगाला मात्र नामवंत खेळाडू असूनही केवळ रोमानियावर विजय मिळवता आला. एकत्र सराव, मोठ्या संघांविरुद्धचे नियमित सामने आणि पैसा या गोष्टी अर्जाने मिळत नाहीत.

हा दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडतो, हेही नोंदवले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला ज्याँ क्लाइन वास्तव्याच्या आधारे आयर्लंडकडून २०१९ मध्ये खेळला होता. तो याच नियमाने मायदेशाच्या संघात परतला आणि २०२३ चा विश्वचषक जिंकलेल्या संघात होता.

अर्ज व कागदपत्रे

अर्ज ज्या देशाकडे जायचे आहे त्या देशाच्या राष्ट्रीय संघटनेमार्फत जातो. प्रत्येक प्रकरण वर्ल्ड रग्बीची नियमावली समिती स्वतंत्रपणे तपासते आणि तिची मंजुरी मिळेपर्यंत खेळाडूला मैदानात उतरवता येत नाही. पात्रता सिद्ध करण्याची जबाबदारी संघटनेची असते, आणि ‘खेळाडूने आम्हाला तसे सांगितले होते’ हा बचाव टिकत नाही.

स्वतःच्या जन्माचा आधार असल्यास जन्मस्थान नमूद असलेला जन्मदाखला पुरतो. आजीआजोबांचा आधार असल्यास साखळी पूर्ण जुळवावी लागते: खेळाडूच्या दाखल्यावर आईचे किंवा वडिलांचे नाव, त्यांच्या दाखल्यावर आजीचे किंवा आजोबांचे नाव, आणि शेवटी आजीआजोबांच्या स्वतःच्या जन्माची नोंद. लग्नानंतर किंवा स्थलांतरानंतर नाव बदललेले असेल तर विवाह दाखला किंवा नावबदलाचा पुरावा जोडावा, अन्यथा साखळी तेथेच तुटते. कुटुंबातील आठवणीवर विसंबून राहिल्याचा परिणाम काय होतो, ते २००० साली दिसले. स्कॉटलंडकडून खेळणाऱ्या डेव्हिड हिल्टनचे आजोबा एडिनबरोचे नसून ब्रिस्टलचे असल्याचे उघड झाले, आणि वेल्सच्या दोन खेळाडूंचा वंशाचा दावाही त्याच सुमारास कोसळला.

वास्तव्याचा दावा सिद्ध करणे याहून अवघड असते, कारण तेथे एका दाखल्याने काम होत नाही. घराचा करारनामा, करभरणा, शाळेच्या किंवा नोकरीच्या नोंदी आणि पासपोर्टवरील प्रवेश-निर्गमनाचे शिक्के यांचा एकमेकांशी मेळ बसावा लागतो. पासपोर्टची सर्व पाने सादर करावीत आणि संघटनेने छायाप्रत नव्हे तर मूळ पासपोर्ट पाहावा, हा माझा आग्रह आहे. २०२३ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरलेल्या स्पेनच्या एका खेळाडूच्या पासपोर्टच्या प्रतीत परदेशातील मुक्काम लपवण्यासाठी फेरफार झाल्याचे २०२२ मध्ये सिद्ध झाले. स्पेनचे १० गुण कापले गेले आणि अपीलही फेटाळले गेले. त्याची जागा रोमानियाला मिळाली, तर पोर्तुगालला अंतिम पात्रता स्पर्धेत संधी मिळाली. तेथून पुढे आलेल्या पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये तुलूझ येथे फिजीला २४-२३ असे हरवले, आणि विश्वचषकातील तो त्याचा पहिला विजय ठरला.

भारतीय वंशाच्या खेळाडूंसाठी

ऑकलंड, सिडनी किंवा लंडनमध्ये वाढलेल्या मराठी कुटुंबातील खेळाडूचे आजोबा सांगली वा पुण्यात जन्मलेले असतील, तर नियम ८ नुसार तो भारताकडून खेळण्यास पात्र ठरतो. परंतु भारत सरकारच्या २००८ पासूनच्या धोरणानुसार राष्ट्रीय संघात भारतीय पासपोर्टधारकांनाच स्थान मिळते, आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नसल्याने अशा खेळाडूला परदेशी पासपोर्ट सोडावा लागेल. म्हणून आजोबांचा जन्मदाखला शोधण्यापूर्वी त्याने नागरिकत्वाचा प्रश्न सोडवावा आणि त्यानंतरच रग्बी इंडियाकडे विचारणा करावी.