फुलांचं भेटकार्ड : ठसा, उठाव आणि 'हाताने केलेलं' म्हणजे काय?

ठशाने फुलं उमटवून घरी केलेल्या भेटकार्डांची ही गोष्ट. दाबून उठाव आणलेली, जाळीदार कडांची कार्डं व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये फार लोकप्रिय होती. 1840 मध्ये तिथे एका पेनीत पत्र जाऊ लागलं, 1843 मध्ये पहिलं छापील नाताळ-कार्ड विक्रीला आलं. पुढची काही दशकं आपल्या विषयापुरती सोडून दिली तरी चालतील.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापखान्यांनी ओल्या शाईवर राळेची पावडर टाकून ती तापवायला घेतली, म्हणजे ती वितळून अक्षरांना उठाव येई. कोरीव साच्याची महागडी छपाई ज्यांना परवडत नव्हती, त्यांच्यासाठी ही स्वस्तातली सोय. आपल्या लग्नपत्रिकांवर बोटाला लागणारी चकचकीत अक्षरं बरीचशी याच जातीची. अमेरिकेत 1970 नंतर रबरी ठसे ऑफिसातून हौशी लोकांच्या घरी पोचले आणि ही पावडरही त्यांच्यामागून आली. गरम हवेखाली मळकट पावडर एका क्षणात वितळून चमकते. मात्र हवा जरा जास्त लागली की चमक जाते आणि रेघ कागदात मुरल्यासारखी दिसते.

मास्किंगला, म्हणजे एक भाग झाकून बाकीच्यावर ठसा उमटवण्याला, 1980 मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या स्टिकी नोटने हात दिला. जे फूल समोर दिसायला हवं, ते आधी कार्डावर उमटवायचं. मग तेच फूल नोटच्या चिकट कडेवर उमटवून कापायचं, तेही रेघेच्या किंचित आतून. नाहीतर भोवती पांढरी कड राहते. हा मास्क पहिल्या फुलावर बसवून दुसरं उमटवलं की ते मागे गेल्यासारखं दिसतं. आपल्याकडे शाळेत कागदावर पान ठेवून टूथब्रशने रंगाचे शिंतोडे उडवत, तेही मास्किंगच. त्याला तसं कुणी म्हणत नसे, एवढंच.

खरा घोळ झाला तो विक्रीचा. ठसा विकत घेतला तरी चित्राचा कॉपीराइट मिळत नाही. मग त्या ठशाने केलेलं कार्ड विकायचं की नाही? काही कंपन्यांनी परवानगी दिली. हौशी मंडळी त्यांना कौतुकाने 'एंजल' म्हणू लागली. मुख्य अट अशी, की प्रत्येक ठसा हाताने उमटवलेला हवा. झेरॉक्स किंवा स्कॅन चालणार नाही. कुणी कार्डामागे कंपनीचं नाव लिहायला लावलं, कुणी नगांवर मर्यादा घातली, कुणी साफ नकार दिला. माझ्या मते ही अट तेव्हा रास्त होती, कारण हाताच्या वेगालाच मर्यादा असते.

पुढे हँडलवर चालणारी छोटी यंत्रं आली. नक्षीदार प्लास्टिक फोल्डरमध्ये कार्ड घालून रोलरमधून काढलं की सबंध पार्श्वभूमीला उठाव येतो. हे हाताने केलेलं का? हँडल हातानेच फिरतो, असं विकणारे म्हणतात, आणि ते खोडून काढणं अवघडच. डिजिटल ठशांनी, म्हणजे संगणकावरच्या चित्रांच्या फाइलींनी, तर अटीचा पायाच काढला, कारण तिथे ठसा प्रिंटरमधूनच निघतो. त्यामुळे नवे नियम लिहावे लागले: छापून, रंगवून कार्ड विका, पण फाइल पुढे देऊ नका. आता ठशाच्या आकाराचा कटिंग डाय, म्हणजे कागद कापणारा साचाही मिळतो, म्हणजे मास्क कापायलाही कात्री लागत नाही.

दिवाळीच्या प्रदर्शनात कार्डं मांडणाऱ्यांनीही ठशाच्या पाकिटावरच्या अटी वाचलेल्या बऱ्या. भेंडीच्या ठशाला तेवढी ही कटकट नाही.