दुसरं अपील की तक्रार? माहिती आयोगाकडे जाण्याआधी हे ठरवा

आमच्या एका सहकाऱ्याने पुलाच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल माहिती अधिकारात मागितला. तीस दिवस उलटले तरी साधं उत्तर नाही. गडी चिडला आणि त्याने थेट राज्य माहिती आयोगाला कागद धाडला. वर ठळक अक्षरांत 'कलम १८ अन्वये तक्रार' आणि सहीच्या वरची ओळ: 'तरी सदर अहवालाची प्रत मिळावी, ही विनंती.' बऱ्याच महिन्यांनी सुनावणी लागली. अधिकाऱ्याकडून खुलासा मागवला गेला, पण अहवाल काही मिळाला नाही. तक्रारीत माहिती देण्याचा आदेश करता येत नाही, असं आदेशातच लिहिलेलं होतं. वरचं शीर्षक कलम १८ चं आणि खालची विनंती कलम १९ ची, एवढीच चूक.

बातमीदारांमध्ये ही चूक सर्रास होते, कारण दोन्ही कागद शेवटी एकाच आयोगाच्या टेबलावर जातात. पण माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये या दोन वाटा वेगळ्या आहेत. अपील (कलम १९) माहितीसाठी असतं. तक्रार (कलम १८) अधिकाऱ्याच्या वागणुकीबद्दल असते: अर्ज घेतलाच नाही, मुदतीत उत्तर दिलं नाही, अवाच्या सवा शुल्क मागितलं, अर्धवट किंवा खोटी माहिती दिली, कार्यालयात असे अर्ज हाताळणारा जन माहिती अधिकारीच नेमलेला नाही.

गोंधळ वाढतो तो कलम १८ च्या यादीमुळे. 'माहिती नाकारली' हेही तक्रारीचं कारण म्हणून तिथे लिहिलं आहे. मग माणसाला वाटणारच की तक्रार केली की नाकारलेली माहिती मिळेल! हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मणिपूरमध्ये एका अर्जदाराने १९८० ते २००६ या काळातल्या दंडाधिकारीय चौकशांची माहिती मागितली होती. ती मिळेना म्हणून त्याने तक्रार केली आणि आयोगाने माहिती द्यायला सांगितलं. १२ डिसेंबर २०११ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की कलम १८ खाली आयोग माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. तिथे कलम २० खालची शास्ती, म्हणजे दंड, लावता येते. माहिती हवी तर कलम १९ ची अपिलाची वाट धरायची, एक कलम दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. अर्जदाराला न्यायालयाने अपील करायला सांगितलं आणि ते मुदतीच्या कारणावरून अडवू नये असंही म्हटलं. आपल्याला अशी सवलत मिळेल हे धरून चालू नका.

शास्ती म्हणजे दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये. ती अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरायची असते आणि अर्जदाराच्या हातात त्यातला पैसाही पडत नाही. अर्जदाराला नुकसानभरपाई द्यायची तरतूद आहे, पण ती कलम १९(८) मध्ये, म्हणजे अपिलात. आणि गंमत अशी की त्या पोटकलमात अपील करणाऱ्याला 'तक्रारदार' म्हटलं आहे. कायदा लिहिणाऱ्यांनीच घोळ घातल्यावर बातमीदाराला काय बोल लावायचा?

माझं मत असं की बातमी करायची असेल तर दहापैकी नऊ वेळा अपीलच करावं. दुसऱ्या अपिलात माहितीही मागता येते, शास्तीही मागता येते आणि माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायचा भार अधिकाऱ्यावर असतो. अडचण एकच, आधी पहिलं अपील करावं लागतं. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे जातं, म्हणून लोक कंटाळून ही पायरी गाळतात. या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला दंड करायचा अधिकार नसतो हे खरं. पण माहिती द्यायला तो सांगू शकतो, आणि पुष्कळदा कागद तिथेच सुटतो.

तक्रारीला पहिल्या अपिलाची अट नाही आणि कायद्यात तिला मुदतही घातलेली नाही. शिवाय चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात: समन्स काढणं, शपथेवर साक्ष घेणं, दस्तऐवज मागवणं. त्यामुळे कागद दुसऱ्या वाटेने हाती आला आहे, पण तुम्हाला लेखी 'असा अहवाल उपलब्ध नाही' असं उत्तर दिलं होतं, अशा वेळी तक्रार धारदार ठरते. अर्ज घ्यायलाच नकार दिला तरीही तीच करा. दोन्ही हवं असेल तर दोन वेगळे कागद द्या. एकाच पानावर दोन्ही कलमं लिहून खिचडी करू नका.

अर्ज स्वतःच्या नावाने करा, दैनिकाच्या लेटरहेडवर नको. हा अधिकार नागरिकाला दिलेला आहे. माहिती कशासाठी हवी हे सांगायचीही गरज नाही. कोणी तोंडी विचारलंच तर कलम ६(२) दाखवा.

आमच्या सहकाऱ्याची पहिल्या अपिलाची मुदत केव्हाच गेली होती. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण 'मला कलम कळलं नाही' हे कारण लिहायला त्याला लाज वाटली. त्याने १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून नवा अर्ज केला. ३ मार्चला पोच मिळाली, तेव्हा तिच्या मागेच त्याने पेनाने लिहिलं: '२ एप्रिलपर्यंत उत्तर. नाही आलं तर २ मेच्या आत पहिलं अपील.' १० एप्रिलला अपील दिल्यावर खाली आणखी दोन ओळी आल्या: '१० मेपर्यंत निर्णय, लेखी कारण देऊन लांबवला तर २५ मे. १० मेपर्यंत काहीच नाही आलं तर ८ ऑगस्टच्या आत दुसरं अपील.' ती पोच आता त्याच्या टेबलाच्या काचेखाली आहे, तारखांची बाजू वर करून.